फरक दिसला म्हणजे नोट खोटी?

२०२२ साली एका तालुक्याच्या गावी विज्ञान शिक्षकांच्या शिबिराला गेलो होतो. दुपारचे जेवण झाले होते आणि पुढचे सत्र सुरू व्हायला थोडा वेळ होता. शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या ताई एका शिक्षिकेला बाजूला घेऊन काही विचारत होत्या. त्यांना मानधनात मिळालेली पाचशेची एक नोट किराणा दुकानदाराने परत केली होती. नोटेवरची हिरवी पट्टी गांधीजींच्या चित्राच्या जवळ आहे, खऱ्या नोटेत ती गव्हर्नरांच्या सहीच्या जवळ असते, असे त्याचे म्हणणे. पुरावा म्हणून त्याने मोबाईलवर आलेले चित्रही दाखवले होते. बाजारात दुसरा एक जण तीच नोट चारशे रुपयांना घ्यायला तयार होता. "देऊन टाकू का?" एवढाच ताईंचा प्रश्न होता.

नोट आमच्यात फिरली. आम्ही पंचवीसेक जण होतो, सगळे विज्ञान शिकलेले आणि विज्ञान शिकवणारे. कोणी तिच्याशेजारी आपल्या खिशातली नोट धरली. पट्टीच्या जागेत खरोखरच दोन-तीन मिलिमीटरचा फरक होता. मग चर्चा रंगली आणि कल हळूहळू 'खोटी असावी' या बाजूला झुकू लागला. मी ठामपणे सांगितले की नोट खरी आहे, बँकेत घेऊन जा. पण एकाने जेव्हा विचारले, "मग पट्टी सरकली कशी?", तेव्हा मला उत्तर देता आले नाही. माझ्या ठामपणाला आधार होता तो सरकारी खुलाशाचा. म्हणजे दुकानदाराने मोबाईलवर विश्वास ठेवला होता आणि मी खुलाशावर. रीत दोघांची एकच होती.

दुसऱ्या दिवशी बँकेने नोट घेतली. ताईंचे शंभर रुपये वाचले. पण तो प्रश्न माझ्या मनात राहिला, आणि त्याच्या अनुषंगाने खरी-खोटी नोट ओळखायला शिकवणारे साहित्य मी नव्याने वाचले. त्या साहित्याबद्दल माझी एक तक्रार आहे. ती रिझर्व्ह बँकेपेक्षा आपल्याविषयीच, म्हणजे विज्ञान शिकवणाऱ्यांविषयीच, अधिक आहे.

साहित्य काय सांगते

प्रथम त्याचे श्रेय त्याला द्यायला हवे. रिझर्व्ह बँकेच्या 'पैसा बोलता है' या मोहिमेची भित्तिपत्रके आणि माहितीपत्रके अनेक बँकांत पाहायला मिळतात. नोटेचे मोठे चित्र, त्यावर आकडे आणि प्रत्येक आकड्यापुढे एक वैशिष्ट्य, अशी त्यांची मांडणी असते. माहिती अचूक आहे, भाषा साधी आहे आणि चित्रे स्वच्छ आहेत. २०१६ नंतरच्या पाचशेच्या नोटेची अशी पंधरा-सतरा वैशिष्ट्ये दिलेली आहेत. आरपार जुळणारा आकडा, दडलेला आकडा, सूक्ष्म अक्षरे, नोट तिरपी केल्यावर हिरव्याची निळी होणारी पट्टी, जलचिन्ह, लहानाकडून मोठे होत जाणारे क्रमांकाचे अंक, रंग बदलणारी शाई, हाताला लागणाऱ्या रेघा, मागच्या बाजूला छपाईचे वर्ष, भाषांची पट्टी, लाल किल्ल्याचे चित्र वगैरे. भाषांच्या पट्टीत पंधरा भाषा आहेत आणि मराठी आठवी आहे, हे मुलांना शोधायला आवडते.

मग उणे काय आहे? माझ्या मते तीन गोष्टी.

पहिली म्हणजे, हे साहित्य एकच आदर्श नोट दाखवते. प्रत्यक्षात खिशातल्या दोन नोटा कधीच तंतोतंत सारख्या नसतात. किती फरक चालतो, याविषयी चित्र काहीच बोलत नाही.

दुसरी म्हणजे, वैशिष्ट्य कोणते हे सांगितले आहे, ते निर्माण कसे होते हे सांगितलेले नाही. त्यामुळे फरक दिसला की त्याचे कारण शोधायला वाचकाच्या हाती काही राहत नाही.

तिसरी म्हणजे, सगळी वैशिष्ट्ये एका माळेत ओवली आहेत. वाचणाऱ्याला वाटते की सतरापैकी बारा-तेरा जुळली म्हणजे नोट बहुधा खरी. हा समज चुकीचा आहे, आणि कसा ते पुढे पाहू.

नोट कशी तयार होते

भारतात नोटा चार ठिकाणी छापल्या जातात. नाशिक आणि देवास येथील छापखाने केंद्र सरकारच्या महामंडळाकडे आहेत, तर म्हैसूर आणि सालबोनी येथील छापखाने रिझर्व्ह बँकेच्या उपकंपनीकडे. नाशिकच्या छापखान्यात १९२८ पासून नोटा छापल्या जात आहेत. चारही ठिकाणी मूळ आराखडा एकच असला तरी एक नोट एका यंत्रातून एकाच फेरीत बाहेर पडत नाही. ती टप्प्याटप्प्याने तयार होते, आणि प्रत्येक टप्पा आपली खूण आणि आपली चूक मागे ठेवून जातो.

पहिला टप्पा कागदाचा. हा कागद लाकडाच्या लगद्याचा नसून कापसाच्या तंतूंचा असतो. जलचिन्ह छापलेले नसते. कागद ओला असतानाच साच्यामुळे त्याची जाडी काही ठिकाणी कमी-जास्त केली जाते. सुरक्षा धागाही याच वेळी कागदात घातला जातो.

ताईंच्या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे. वह्या तपासून झाल्यावर आपण गठ्ठा कसा रचतो ते आठवा. सगळ्या वह्यांची शिवण एकाच बाजूला ठेवली तर गठ्ठा त्या बाजूला उंच होतो आणि शेवटी कोसळतो. म्हणून आपण दहा वह्या एका बाजूने आणि दहा उलट्या बाजूने लावतो. धाग्यालाही जाडी असते. तो प्रत्येक कागदात अगदी त्याच जागी आला, तर शेकडो कागदांच्या थप्पीला त्या रेषेवर उंचवटा येईल आणि पुढे छपाई व कापणी दोन्ही बिघडतील. म्हणून कागद बनवतानाच धागा थोडा डावी-उजवीकडे हलता ठेवतात. कोणत्या नोटेत तो चित्राकडे झुकतो, तर कोणत्या नोटेत सहीकडे. ज्या फरकामुळे दुकानदाराने नोट नाकारली, तो फरक कागद करणाऱ्यांनी हेतुपुरस्सर ठेवलेला होता.

ही अफवा २०२१-२२ मध्ये देशभर पसरली होती. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने दोन्ही प्रकारच्या नोटा वैध असल्याचे जाहीर केले. खुलासा बरोबर होता. पण त्याच्या जोडीला वह्यांच्या गठ्ठ्याचे हे साधे कारण दिले असते, तर तो लोकांच्या लक्षात राहिला असता. कारण न देता केलेला खुलासा पुढच्या अफवेपुढे टिकत नाही.

दुसरा टप्पा पार्श्वभूमीच्या छपाईचा. नाजूक वेलबुट्टी आणि फिकट रंगछटा ऑफसेट पद्धतीने छापल्या जातात, आणि कागदाच्या दोन्ही बाजू एकाच वेळी छापल्या जातात. म्हणूनच पुढच्या बाजूला अर्धा आणि मागच्या बाजूला उरलेला अर्धा असा आकडा उजेडात धरल्यावर पूर्ण दिसतो. घरच्या यंत्रावर आधी एक बाजू आणि मग दुसरी छापणाऱ्याला एवढी नेमकी जुळणी साधणे अवघड जाते. शाई किंचित कमी-जास्त झाली तर रंगाची छटा बदलते. एकाच किमतीच्या दोन नव्या नोटा शेजारी ठेवल्या तर हा फरक पुष्कळदा दिसतो.

तिसरा टप्पा उठावदार छपाईचा. रबरी शिक्क्यात उंच भागाला शाई लागते आणि तोच भाग उमटतो. इथे नेमके उलट आहे. धातूच्या पत्र्यावर आकृती खोल कोरलेली असते. पत्र्यावर शाई लावून वरची पुसून टाकतात, म्हणजे ती फक्त खाचांत उरते. मग फार मोठ्या दाबाखाली कागद त्या खाचांत शिरतो आणि शाई उचलून घेतो. शाईचा थर कागदावर उभा राहतो आणि बोटाला लागतो. शंभर आणि त्यापेक्षा मोठ्या नोटांवर गांधीजींचे चित्र, अशोकस्तंभ आणि कडेच्या तिरक्या रेघा अशा छापलेल्या असतात. सध्याच्या मालिकेत शंभरच्या नोटेवर चार रेघा असतात, दोनशेवर चार रेघा आणि त्यांमध्ये दोन वर्तुळे, तर पाचशेवर पाच रेघा. दृष्टिहीन व्यक्ती नोट ओळखते ती या रेघांवरून. नोट वापरून मळली, धुतली गेली की हा उठाव झिजतो.

हा टप्पा वेगळ्या यंत्रावर होतो, याचा एक परिणाम २०१७ च्या जानेवारीत दिसला. मध्य प्रदेशातील श्योपूर जिल्ह्यात काही शेतकऱ्यांना बँकेतून दोन हजारच्या अशा नोटा मिळाल्या की ज्यांच्यावर गांधीजींचे चित्रच नव्हते. नोटा खोट्या असल्याचा बोभाटा झाला. प्रत्यक्षात त्या छपाईत चूक झालेल्या खऱ्या नोटा होत्या, असे बँकेने सांगितले आणि त्या परत घेतल्या. चित्राचा टप्पा वेगळा आहे हे ज्याला माहीत आहे, त्याला बाकी सारे ठीक आणि चित्र मात्र नाही ही गोष्ट चक्रावून टाकत नाही. उलट, गांधीजींचे चित्र वगळून खोटी नोट कोण कशाला छापील, हा प्रश्न तो आधी विचारील.

चौथा टप्पा क्रमांकाचा आणि शेवटचा कापणीचा. क्रमांक उमटवणारी अंकचक्रे वेगळी असतात, म्हणून एखादा अंक केसभर वर-खाली बसतो. एका मोठ्या कागदावर अनेक नोटा छापलेल्या असतात. त्या कापताना पाते किंचित सरकले की एका बाजूचा समास रुंद होतो आणि दुसऱ्या बाजूचा अरुंद. पाचशेच्या नोटेचा ठरलेला आकार ६६ मिलिमीटर गुणिले १५० मिलिमीटर आहे आणि दहाच्या नोटेचा ६३ गुणिले १२३. आकार बरोबर असूनही समास असमान असू शकतो, कारण कापणीची चौकट आणि छपाईची चौकट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मुद्दाम केलेले फरक

वर सांगितलेले बरेचसे फरक यंत्राच्या आणि साहित्याच्या स्वभावातून येतात. याशिवाय काही फरक छापणाऱ्यांनी खूण म्हणून मुद्दाम केलेले असतात. हे फरक बारकाईने पाहणाऱ्यांसाठी मोठी मेजवानी आहे.

छपाईचे वर्ष हे त्यांतले सर्वांत सोपे. ते नोटेच्या मागच्या बाजूला असते. २००५ पूर्वीच्या नोटांवर ते नव्हते. म्हणूनच २०१४ च्या जानेवारीत जुन्या नोटा परत घेण्याचे ठरले, तेव्हा 'मागे वर्ष नसेल ती जुनी' अशी सोपी खूण देता आली. दुसरी खूण गव्हर्नरांच्या सहीची. तिसरी, क्रमांकाच्या चौकटीत अंकांच्या मागे असलेल्या फिकट इंग्रजी अक्षराची. हे अक्षर प्रत्येक नोटेवर एकच नसते आणि काही नोटांवर ते नसतेच. पाचशेच्या नव्या नोटा आल्या तेव्हा काही अक्षराविना होत्या, काहींवर 'ई' होते, आणि २०१७ च्या जूनमध्ये 'ए' अक्षराच्या नोटा आल्या. नोटा जमवणारे लोक या अक्षरावरून छापखान्याचा अंदाज बांधतात.

चौथी खूण चांदणीची. छपाईत बिघडलेली नोट पुडक्यातून काढली की तिच्या जागी त्याच क्रमांकाची नोट पुन्हा छापत बसण्यापेक्षा, २००६ पासून क्रमांकात चांदणी असलेली नोट घालण्याची पद्धत आली. २०२३ च्या जुलैमध्ये चांदणीच्या नोटा खोट्या असल्याची अफवा उठली आणि रिझर्व्ह बँकेला त्या पूर्ण वैध असल्याचे पुन्हा सांगावे लागले. गंमत पाहा, छापखान्यात तपासणी नीट झाल्याची जी खूण, तीच लोकांना संशयाची वाटली.

आराखड्यातही बदल होत राहतात. २०१० मध्ये रुपयाचे नवे चिन्ह स्वीकारले गेले आणि पुढे ते नोटांवर आले. क्रमांकाचे अंक लहानाकडून मोठे होत जाऊ लागले ते २०१५ पासून. जुन्या पिढीतल्या शिक्षकांना १९७५ च्या सुमाराची पन्नासची नोट आठवत असेल. तिच्या मागे संसद भवन होते, पण ध्वजस्तंभ रिकामा होता. नंतरच्या छपाईत त्यावर ध्वज आला. दोन्ही नोटा खऱ्याच होत्या.

जुळणाऱ्या खुणा मोजून भागत नाही

आता त्या तिसऱ्या उणिवेकडे येतो. समजा, कोणी पाचशेची नोट रंगीत प्रतयंत्रावर काढली. लाल किल्ला येईल, भाषांची पट्टी येईल, वर्ष येईल, अशोकस्तंभ येईल, गव्हर्नरांची सही येईल. यादीतल्या आठ-दहा खुणा एका फटक्यात जुळतील. पण हे आठ-दहा पुरावे नव्हेत. तो एकच पुरावा आहे, आणि तो एवढेच सांगतो की कोणीतरी चित्र नीट उतरवले. एकाच माणसाने तीच बातमी दहा वेळा सांगितली म्हणून तिला दहा साक्षीदार मिळत नाहीत.

उलट, कागदातला धागा, दोन्ही बाजूंची जुळणी आणि बोटाला लागणारी शाई ही तीन वेगवेगळ्या टप्प्यांची देणगी आहे. एका टप्प्यात चूक झाली म्हणून दुसऱ्या टप्प्यात चूक होण्याचे काही कारण नसते. म्हणून हे साक्षीदार खऱ्या अर्थाने वेगळे आहेत. अर्थात नोट साबणाच्या पाण्यातून निघाली असेल, तर उठावही झिजेल आणि रंगही फिका होईल. तेव्हा दोन साक्षीदार एकदम गप्प होतात आणि त्याचा अर्थ सावधपणे लावावा लागतो. कोणते पुरावे परस्परांपासून स्वतंत्र आहेत, हे नोट कशी तयार होते ते कळल्याशिवाय ठरवता येत नाही. भित्तिपत्रकात हीच गोष्ट निसटली आहे.

दुसरा हिशेब संख्येचा. २०१७ च्या मार्चअखेर चलनात सुमारे १०,०२९ कोटी नोटा होत्या. २०१६-१७ या वर्षात बँकांत पकडल्या गेलेल्या खोट्या नोटा होत्या ७,६२,०७२. म्हणजे दहा लाख नोटांमागे सात-आठ. न सापडलेल्याही असणार, म्हणून हा आकडा दसपटीने वाढवून सत्तर धरू. आता समजा, 'वेगळेपणा'ची एखादी खूण आपल्याला मिळाली. ती प्रत्येक खोट्या नोटेत दिसते, पण खऱ्या नोटांतही शंभरात एकीत दिसते. दहा लाख नोटा तपासल्या तर या खुणेमुळे ७० खोट्या नोटा हाती लागतील आणि जवळजवळ १०,००० खऱ्या नोटाही संशयित ठरतील. म्हणजे बाजूला काढलेल्या १४४ नोटांपैकी खोटी एक. खूण ९९ टक्के भरवशाची वाटत होती, तरीही ही गत. धाग्याच्या जागेसारखी खूण तर शंभरात एकीपेक्षा कितीतरी अधिक नोटांत 'वेगळी' दिसते.

उरलेल्या १४३ नोटा कोणाच्या हातातल्या असतात? ज्याच्याकडे बँक खाते आहे आणि चार शब्द बोलायची हिंमत आहे, तो नोट बदलून घेतो. रोजंदारीवरच्या माणसाला दिवस मोडून बँकेत जाणे परवडत नाही. शिवाय बँकेने खोटी ठरवलेली नोट परत मिळत नाही. तिच्यावर शिक्का मारून ती जप्त होते आणि हातात फक्त पावती येते. त्या धाकाने तो बँकेची पायरीच चढत नाही. मग चारशे देणारा कोणी भेटला की तो सौदा होतो. चुकीच्या निष्कर्षाची किंमत अशी रोख मोजली जाते.

मोठ्यांचेही तेच

हा गोंधळ फक्त किराणा दुकानात होतो असे नाही. २०१६ च्या नोव्हेंबरात पाचशेच्या नव्या नोटांत आपसात फरक असल्याचे लोकांच्या ध्यानात आले. छायेची दुहेरी कडा, चौकटीची रुंदी, रंगछटा असे ते फरक होते. घाईमुळे काही सदोष नोटा बाहेर गेल्या असाव्यात, लोकांनी त्या निर्धास्तपणे स्वीकाराव्यात किंवा परत कराव्यात, असे रिझर्व्ह बँकेकडून सांगण्यात आले. त्याच महिन्यात दोन हजारच्या नोटेचा रंग जातो अशी तक्रार झाली, तेव्हा खऱ्या नोटेचा रंग थोडा जातोच, असा सरकारी खुलासा आला. आदल्या दिवशी जी खोटेपणाची खूण होती, ती दुसऱ्या दिवशी खरेपणाची झाली. २०१७ च्या ऑगस्टमध्ये पाचशेच्या दोन प्रकारच्या नोटांवरून राज्यसभेत गदारोळ झाला. एका बाजूने फरकातून थेट गैरव्यवहाराचा निष्कर्ष काढला, तर दुसऱ्या बाजूने प्रश्नच थिल्लर ठरवला.

माझ्या मते दोन्ही टोके चुकीची होती. दिसणाऱ्या फरकाविषयी विचारणे थिल्लर नाही, ती निरीक्षणाची सुरुवात आहे. पण फरकातून उडी मारून आरोपावर पोचणे हेही शास्त्रीय नाही. मधला प्रश्न असा आहे की ठरलेले माप काय, त्यात किती मिलिमीटरची सूट आहे, आणि या नोटा त्या सुटीच्या आत बसतात की बाहेर? प्रयोगशाळेत आपण मुलांकडून एकाच तारेची जाडी पाच वेळा मोजून घेतो आणि पाचही वाचने वेगळी आली तरी तार खोटी म्हणत नाही. हीच समज नोटेपर्यंत पोचत नसेल, तर तो पाठ प्रयोगवहीतच राहिला असे म्हणावे लागेल.

वर्गात काय करता येईल

यावर आक्षेप असा येईल की भाजीवाल्याला छपाईचे शास्त्र ऐकायला वेळ नसतो, त्याला सोपी यादीच हवी. हे मान्य आहे. पण मग ती सतरा कलमांची नको, तीन कलमांची असावी. उजेडात धरा, तिरपी करा, बोट फिरवा. धागा सलग दिसतो का, पट्टीचा रंग बदलतो का, रेघा हाताला लागतात का? शंभर, दोनशे आणि पाचशेच्या नोटांसाठी एवढे पुरते, आणि या तिन्ही गोष्टी साध्या प्रतीत येत नाहीत. वर्गाची गोष्ट वेगळी आहे. तिथे आपल्याला वेळ आहे आणि कारणापर्यंत जायची मुभाही आहे.

आठवी ते बारावीच्या कोणत्याही वर्गात करण्याजोगा एक उपक्रम सुचवतो. प्रत्येक मुलाने घरून दहाची एक नोट आणावी. वर्गात तीस-चाळीस नोटा होतील. नोटांवर काही लिहू नये, त्यांना टाचणी लावू नये. आठवणीसाठी क्रमांकाचे शेवटचे तीन अंक वहीत टिपावेत. मग एक तक्ता करावा: वर्ष, सही, क्रमांकामागचे अक्षर, चांदणी आहे की नाही, डावा समास, उजवा समास, डाव्या कडेपासून धाग्याचे अंतर. मापे मिलिमीटरमध्ये आणि जमल्यास अर्ध्या मिलिमीटरपर्यंत घ्यावीत. साधी मोजपट्टी आणि भिंग पुरते. एकच नोट तिघांनी मोजून पाहावी, म्हणजे मोजणाऱ्याचा फरक किती आणि नोटेचा फरक किती हेही कळेल. ही पायरी गाळू नये.

नंतर फळ्यावर एक आडवी रेषा काढून प्रत्येक नोटेच्या धाग्याच्या अंतरासाठी एक ठिपका द्यावा. ठिपके एका बिंदूवर पडतात की पसरतात? किती पसरतात? समासाचे ठिपके तसेच पसरतात का? सही किंवा वर्ष यांच्या बाबतीत असा पसारा का दिसत नाही? इथे मुलांना दोन प्रकारचे फरक आपोआप वेगळे करता येतात. काही फरक पायऱ्यांनी बदलतात. वर्ष २०१८ असते किंवा २०१९, मधले काही नसते. ते मुद्दाम केलेले फरक. काही फरक मात्र थोडे थोडे बदलतात. ते बहुधा प्रक्रियेतून आलेले. बारावीच्या मुलांनी सरासरी आणि प्रमाण विचलन काढावे आणि मग आपण त्यांना विचारावे की एखादी नोट सरासरीपासून किती दूर असली म्हणजे तिच्याकडे पुन्हा पाहायचे, आणि पुन्हा पाहणे म्हणजे खोटी ठरवणे का?

एक सूचना आवश्यक आहे. या उपक्रमासाठी नोटांच्या रंगीत प्रती काढू नयेत. चलनी नोटेशी मिळतेजुळते कागद तयार करणे कायद्याने गुन्हा आहे. चित्र हवेच असेल तर मुलांनी हाताने, मोठ्या आकारात आणि फक्त एका भागाचे काढावे. आणि तपासताना एखादी नोट खरोखर संशयास्पद वाटलीच, तर ज्या मुलाने ती आणली त्याला सर्वांसमोर काही बोलू नये. पालकांना खाजगीत बँकेत दाखवायला सांगावे.

शेवटी

त्या शिबिरात ताईंच्या प्रश्नाला मी 'नोट खरी आहे' एवढेच उत्तर दिले. आज पुन्हा तो प्रसंग आला तर मी टेबलावरच्या वह्यांच्या गठ्ठ्याकडे बोट दाखवीन. मला वाटते, ताईंना ते तेव्हाच पटले असते, आणि त्यांनी दुकानदारालाही सांगितले असते. गठ्ठा नीट राहावा म्हणून धागा सरकवतात, हे समजायला विज्ञानाची पदवी लागत नाही.

भित्तिपत्रकात ही ओळ कधी येईल तेव्हा येवो. वर्गात ती आणणे आपल्या हातात आहे. ज्या शिक्षकांनी वरील उपक्रम केला असेल त्यांनी आपल्या वर्गाचा तक्ता या मासिकाकडे जरूर पाठवावा. तक्त्यात वर्षे आणि मापे असावीत, पण नोटांचे क्रमांक आणि मुलांची नावे नसावीत.